उतारवयातले पाय आणि पानातलं जेवण

बाजारातून पिशवी घेऊन येताना वाटेत दोनदा थांबावं लागतं. पोटरी भरून येते, कट्ट्यावर जरा टेकलं की बरं वाटतं, आणि मग पुन्हा साधारण तेवढंच अंतर चालता येतं. साठी-सत्तरीच्या माणसांकडून ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि तिच्यावरचं घरगुती उत्तरही ठरलेलं आहे: वय झालं, आता पाय दुखणारच. या उत्तरामुळेच मी हे पुस्तक लिहायला घेतलं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखायला लागणं आणि नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत दुखणं निवळणं, ही पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्यावरही चालताना पाय दुखतात, पण तिथे उभं राहून सहसा आराम पडत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तो आणखी वेगळा. हे फरक घरच्या माणसांना माहीत असले तर दुखणं वयाच्या खात्यावर टाकून विसरलं जाणार नाही.

वैद्यकाला हे दुखणं नवं नाही. फ्रान्समध्ये बूले नावाच्या पशुवैद्यानं १८३१ मध्ये ते घोड्यात पाहिलं होतं: थोडं पळवलं की जनावर मागच्या पायानं लंगडायचं, थांबवलं की नीट उभं राहायचं. १८५८ मध्ये शार्को या डॉक्टरांनी तेच माणसात ओळखून लिहून ठेवलं. त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. तरी आपल्याकडे छातीत कळ आली तर रात्री-अपरात्री गाडी काढतात आणि पोटरीतली कळ तेल चोळून सोसतात. धमन्यांचा विकार शरीरभर एकच असतो. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, त्याला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. पाय आधी बोलतात, एवढंच.

त्याची तपासणी अगदी साधी आहे. एका आजोबांची तपासणी मी शेजारी उभी राहून पाहिली. त्यांना थोडा वेळ पलंगावर उताणं झोपवलं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि मग तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधला. घोट्याच्या आतल्या बाजूला जेलचा ठिपका ठेवून त्यावर रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं डॉपलर हे पेनाएवढं यंत्र टेकवलं, तेव्हा खोलीत घुस्-घुस् असा आवाज येऊ लागला. पट्ट्यात हवा भरत गेली तसा आवाज मावळला. हवा हळूहळू सोडली आणि काटा ९६ वर आला तेव्हा तो परतला. दंडाचा आकडा होता १५०. ९६ ला १५० नं भागलं की ०.६४. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच असतो, म्हणजे हा भागाकार १ ते १.४ च्या दरम्यान येतो. ०.९ किंवा त्याहून खाली आला की धमनी अरुंद झाली असं धरतात. १.४ च्या वर गेला तरी खूश व्हायचं नाही, कारण मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या विकारात धमनीच्या भिंतीत चुना बसून ती कडक होते, पट्ट्यानं दबत नाही आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

आजोबा उठून बसले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "बाई, आता काय काय खायचं नाही ते एकदा सांगून टाका."

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आहार म्हणजे वर्ज्य पदार्थांची यादी, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. पण उतारवयातली माणसं मला दिसतात ती बहुतेक कमी खाणारी. त्यांच्या पानातून एकेक पदार्थ आधीच गळालेला असतो. दाढा पडल्या म्हणून भाकरी गेली, कवळी टोचते म्हणून उसळ गेली, काकडी-गाजर गेलं, शेंगदाणे गेले. गॅस होतो म्हणून हरभरा गेला, निवडायला बसवत नाही म्हणून पालेभाजी गेली. जोडीदार गेल्यावर तर एकट्यासाठी दोन भाज्या करायचा हुरूपच जातो. शेवटी उरतो चहा, टोस्ट, खारी, बिस्किटं, मऊ भात, पातळ वरण आणि दूध-पोळी. "आई काही खातच नाहीत हो," असं सून सांगते, आणि सासूबाई म्हणतात, "मला लागतच नाही काही." दोघीही खरं सांगत असतात. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: उतारवयात पान आकसतं, त्याची किंमत पायांना मोजावी लागते, आणि म्हणून काय सोडायचं याच्या आधी काय परत आणायचं ते पाहायला हवं.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करते. तुंबलेली धमनी कुठल्याही खाण्यानं उघडत नाही. लसणाच्या पाकळ्या, मेथीचं पाणी, दालचिनीचा काढा यांनी 'ब्लॉकेज निघतं' असं सांगणारे निरोप मोबाइलवर फिरत असतात. त्यांवर विसंबून कोणी डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी बंद केली, तर त्यात पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. आहाराचं काम वेगळं आहे. धमनीच्या अस्तराची तब्येत राखणं, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवायला हातभार लावणं, पोटरीच्या स्नायूला बळ देणं, जखम भरून येण्यासाठी लागणारा माल पुरवणं. हे काम सावकाश चालतं, पण रोज चालतं.

धमनी म्हणजे नळ आणि आजार म्हणजे नळात बसलेला गाळ, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. त्या चित्रानं बरीच दिशाभूल केली आहे. नळ निर्जीव असतो. धमनीला आतून पेशींचं जिवंत अस्तर असतं आणि ते क्षणोक्षणी ठरवत असतं की वाहिनी किती सैल सोडायची आणि किती आवळायची. सैल सोडण्याचा निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू पोहोचवतो. शरीर हा वायू स्वतः बनवतं आणि त्याच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नॅरो आणि फेरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. वयाबरोबर या वायूची निर्मिती मंदावते. तंबाखू, वाढलेली साखर आणि उच्च रक्तदाब ती आणखी खच्ची करतात.

पालेभाजीचं महत्त्व इथे येतं. पालक, माठ, चाकवत, मुळ्याचा पाला, बीट यांत नायट्रेट भरपूर असतं. जेवल्यावर ते रक्तातून लाळेत येतं, जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं. म्हणजे अस्तर थकलं असलं तरी हा दुसरा रस्ता उघडा राहतो. बीटच्या रसानं रक्तदाब थोडा उतरतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पायाच्या धमन्यांच्या रुग्णांवरही चाचण्या झाल्या आहेत, त्यांतून आशा वाटते, पण त्या लहान आहेत, म्हणून मी बीटला औषध म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की रोज वाटीभर पालेभाजी पानात असावी, आणि ती शिजवलेलं पाणी मोरीत ओतू नये, कारण नायट्रेट पाण्यात उतरतं. जंतुनाशक माउथवॉशनं रोज खळखळून चुळा भरायची सवय असेल तर तीही दंतवैद्याला विचारून कमी करावी, कारण त्यानं जिभेवरचे ते उपयोगी जिवाणूच मरतात.

दात नसलेल्या माणसानं पालेभाजी कशी खायची? आपल्या स्वयंपाकघरात याचं उत्तर फार पूर्वीपासून आहे. ताकातला चाकवत, डाळ घालून घोटलेला पालक, अळूचं फदफदं, मेथीचं पातळ पिठलं, शेवग्याच्या पाल्याचं धिरडं. हे सगळे पदार्थ जिभेनं दाबून खाता येतात. पानं शेजारच्या मुलाकडून निवडून घ्यावीत, एकदम धुऊन कोरडी करून डब्यात ठेवावीत. पुस्तकातला पालेभाज्यांचा भाग मुद्दाम सगळ्यात मोठा ठेवला आहे, कारण पानातून सगळ्यात आधी गळतो तो पाला.

जेवणाच्या एकूण घडीचा पायांवर काय परिणाम होतो, यावर एक मोठा प्रयोग स्पेनमध्ये झाला. प्रेडिमेड या नावानं तो ओळखला जातो. हृदयविकाराचा धोका असलेले ५५ ते ८० वर्षांचे पुरुष आणि ६० ते ८० वर्षांच्या स्त्रिया, मिळून ७,४४७ जण त्यात होते. दोन गटांना भाज्या, फळं, कडधान्यं, मासे अशा भूमध्य सागरी पद्धतीचं जेवण सांगितलं. त्यातल्या एका गटाला वर ऑलिव्ह तेल दिलं आणि दुसऱ्याला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट. तिसऱ्या गटाला फक्त स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितलं. पायाच्या धमन्यांच्या विकाराचे आकडे २०१४ मध्ये आले: तिसऱ्या गटाशी तुलना करता सुकामेव्याच्या गटात धोका निम्म्यावर आला होता आणि ऑलिव्ह तेलाच्या गटात सुमारे दोन-तृतीयांशानं घटला होता. याच प्रयोगाचा मूळ निबंध सहभागींच्या गटवाटपातल्या त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला, आणि पायाच्या विकाराच्या एकूण रुग्णांची संख्याही मोठी नव्हती. म्हणून आकडा छातीला कवटाळून बसू नये. पण जेवणाची घडी बदलून पायाच्या धमन्या वाचवता येतात, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही.

यावरून पेन्शनच्या पैशात ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या आणू नयेत. तो निष्कर्ष शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाला जसाच्या तसा लावता येत नाही हे खरं, पण त्या जेवणातलं बाकीचं जवळजवळ सगळं आपल्या मंडईत मिळतं. तेल घरात कुठलं आहे यापेक्षा ते किती लागतं आणि तळणीचं पुन्हा किती वेळा तापतं, हे पाहणं जास्त मोलाचं. वनस्पती तुपाची भीती पूर्वीइतकी उरली नाही, कारण जानेवारी २०२२ पासून देशात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. बेकरीची खारी त्यामुळे पौष्टिक झाली, असं मात्र नाही.

आता जवसाविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस पाव-मफिनमधून दिलं, अर्ध्यांना तसेच दिसणारे जवस नसलेले पदार्थ. कोणाला काय मिळतं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सहा महिन्यांनी जवसाच्या गटाचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० नं आणि खालचा सुमारे ७ नं कमी भरला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. खाण्याच्या एका पदार्थानं एवढा फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे. आणि हा पदार्थ विदर्भ-मराठवाड्याच्या घरात चटणीच्या रूपात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

ती चटणी करताना जवस कोरड्या कढईत मंद आचेवर टाकायचं. दोन-तीन मिनिटांत ते तडतडायला लागतं आणि खमंग वास सुटतो. तेवढ्यावर उतरवायचं, काळं होऊ द्यायचं नाही. गार झाल्यावर सुकी लाल मिरची, जिरं, लसूण आणि नेहमीपेक्षा निम्मं मीठ घालून कुटायचं. कुटणं महत्त्वाचं, कारण अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं आणि त्यातलं ओमेगा-३ वाया जातं. कुटलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. प्रयोगातलं प्रमाण मात्र लक्षात घ्यावं: ३० ग्रॅम म्हणजे तीन-चार मोठे चमचे. जेवताना चिमूटभर चटणी घेऊन ते भरत नाही. कोरडं भाजून दळलेलं, बिनमिठाचं जवस भाकरीच्या पिठात, थालीपिठाच्या भाजणीत, ताकात मिसळलं तर हळूहळू त्या प्रमाणाच्या जवळ जाता येतं. एका चमच्यापासून सुरुवात करावी, सोबत पाणी पुरेसं प्यावं, नाहीतर पोट फुगतं.

किनारपट्टीवरच्या लोकांना तर जवसाच्याही आधी बांगडा आणि तारली आहेत. या स्वस्त मासळीत जे ओमेगा-३ आहे, ते शरीराला थेट वापरता येतं. जवसातल्याचं तसं रूपांतर शरीर फार थोडं करतं. आठवड्यातून दोनदा मासळीचं कालवण पुरे. तळलेल्या तुकडीपेक्षा कालवण बरं. सुकट, सुके बोंबील चवीला कितीही छान असले तरी त्यांतलं मीठ उतारवयाला झेपत नाही.

धमन्यांतून खाली आलेलं रक्त वर परत जायला हवं, आणि तिथे पोटरीचा स्नायू कामाला येतो. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या नीलांमध्ये ८० ते ९० मिलिमीटर दाब असतो. तो चालायला लागला की पोटरी आवळते, रक्त वर ढकललं जातं, नीलांमधल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत आणि हा दाब निम्म्याहून खाली उतरतो. झडपा ढिल्या पडल्या किंवा पोटरी वाळली की संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उठतो. पुढे घोट्याभोवतीची कातडी तपकिरी होते आणि एखाद्या साध्या ओरखड्याची महिनोन्‌महिने न भरणारी जखम बनते.

वाळलेल्या पोटरीचा थेट संबंध पानातल्या प्रथिनांशी आहे. उतारवयातल्या माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं वृद्धांच्या आहारावर काम करणारे तज्ज्ञ सांगतात. ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. मघाशी सांगितलेल्या चहा-टोस्ट, वरण-भात, दूध-पोळीच्या दिवसाचा हिशोब मांडला तर तो तीसेक ग्रॅमवर अडतो. वाटीभर घट्ट वरणातून सात ग्रॅमच्या आसपास मिळतात, एका अंड्यातून सहा, पेलाभर दुधातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ. शेंगदाणे चावत नसतील तर कूट आहे. कुळथाचं पिठलं तर बिनदाताच्या माणसासाठीच जन्माला आलं असावं. भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हसू नये. त्याचं जेवण बिस्किटं बुडवून खाणाऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. सगळी प्रथिनं दुपारच्या एका जेवणात कोंबण्यापेक्षा न्याहारी, दुपार आणि रात्र अशी वाटून घेतली तर स्नायूला जास्त लागू पडतात.

मात्र पोटरी नुसत्या खाण्यानं भरत नाही. धमन्यांच्या दुखण्यावर चालणं हा पहिल्या फळीचा उपचार आहे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, निवळलं की पुन्हा निघायचं, असं आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी, पायावर जखम असेल तर आधी ती दाखवावी. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या वारीत सत्तरी ओलांडलेली माणसं दिसतात. त्यांचं चालणं आषाढात सुरू झालेलं नसतं, वर्षभर शेतात आणि रस्त्यावर चाललेलंच असतं.

सूज आली की घरात पहिला संशय मिठावर जातो, आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची, म्हणजे सपाट चमचाभर. पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी आणि डब्यातल्या भाज्या मिळून ती सहज ओलांडतात. वय वाढलं की जिभेची चव मंदावते आणि माणूस नकळत वरून मीठ घेतो. आंबटपणानं आणि फोडणीच्या वासानं ही उणीव बरीच भरते: आमसूल, लिंबू, लसूण, ओवा, कोथिंबीर. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नये. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्या किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्या माणसाला ते घातक ठरू शकतं.

पण प्रत्येक सूज मिठाची नसते. अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी आपल्याकडे घरोघरी आहे आणि घोट्याला सूज येणं हा तिचा नेहमीचा परिणाम आहे. अशा आजींचं मीठ तोडून तोडून घरचे थकतात आणि सूज तशीच राहते. डॉक्टरांना एकदा सांगितलं तर गोळी बदलता येते. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्या आजारांत सूज येते आणि रक्तातली प्रथिनं फार घटली तरीही येते. सूज दिसली म्हणून स्वतःच्या मनानं घट्ट पायमोजे चढवणं धोक्याचं आहे, कारण धमनीच अरुंद असेल तर ते मोजे उरलंसुरलं रक्तही अडवतात. आधी तो घोट्याचा भागाकार करून घ्यावा. आणखी एक बारीकशी गोष्ट: बद्धकोष्ठ. रोज सकाळी कुंथावं लागलं की पोटातला दाब पायांच्या नीलांवर येतो. पालेभाजी, पेरू, कडधान्यं आणि पुरेसं पाणी यांनी निम्मं काम होतं. उतारवयात तहान लागेनाशी होते, म्हणून तहानेची वाट पाहू नये. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल त्यांनी अर्थातच ती पाळावी.

मधुमेहाविषयी वेगळं प्रकरण लिहावं लागलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि राज्यांमध्ये गोव्याचं प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के. मधुमेहात दोन संकटं एकत्र येतात. धमन्या अरुंद होतात आणि नसा बधिर होतात, त्यामुळे ज्या पोटरीनं दुखून सांगायला हवं तीही गप्प राहते. चप्पल निसटलेली कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. म्हणून रोज रात्री तळपाय पाहणं हे अशा घरात जेवणाइतकंच नित्याचं व्हायला हवं. चहाचा हिशोब इथेच मांडते: दिवसाला पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे दहा चमचे साखर, ४० ग्रॅमहून अधिक. चहा सोडायला मी कोणाला सांगत नाही; साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं तर जीभ कुरकुर करत नाही.

पायाला मुंग्या येणं, तळपायाची आग होणं यामागे नुसता मधुमेहच असतो असं नाही. जीवनसत्त्व ब१२ कमी असलं तरी हेच होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यात सुमारे दोन-तृतीयांशांत ब१२ कमी आढळलं होतं, आणि शहरी मध्यमवर्गात सर्वाधिक. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच असतं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना ते नीट शोषता येत नाही. त्यामुळे शाकाहारी, मधुमेही आणि सत्तरीच्या माणसानं रक्ततपासणी करून घ्यावीच. ब१२ च्या गोळीनं रक्तातलं होमोसिस्टीन हे हृदयविकाराशी जोडलं जाणारं द्रव्य उतरतं, पण तेवढ्यानं हृदयविकाराचे झटके टळतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. ती गोळी नसांसाठी आणि रक्तासाठी घ्यायची.

उपासाबद्दल बोलल्याशिवाय मराठी घरातल्या आहारावर लिहिताच येत नाही. एकादशी, संकष्टी, गुरुवार असे दिवस मोजले तर महिन्यात बरेच होतात, आणि त्या दिवशी पानात साबुदाणा, बटाटा आणि गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. श्रद्धेला धक्का न लावता हे बदलता येतं: राजगिऱ्याची भाकरी, भगर आणि दाण्याची आमटी, दही, रताळं, एखादं फळ. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निर्जळी किंवा एकभुक्त राहण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि मिश्री. ती खाण्याची वस्तू नाही, तरी तिचा उल्लेख इथे हवाच, कारण महाराष्ट्रातल्या किती तरी आजी दिवसातून चार-चारदा ती हिरड्यांना लावतात आणि "मी तंबाखू खात नाही" असं अगदी मनापासून सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन धमनी आवळतं, मग ते विडीतून येवो, मळलेल्या चिमटीतून येवो की मिश्रीतून. या पुस्तकातली प्रत्येक पाककृती केली आणि तंबाखू चालू ठेवली, तर पायांना मिळणारा फायदा नगण्य राहील. या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आता वाचकाला काही सूचना. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम घेत असाल तर पालेभाजी एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. तिच्यातल्या जीवनसत्त्व के मुळे गोळीचा परिणाम बदलतो, म्हणून प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा आणि बदल करायचाच असेल तर आधी सांगा, म्हणजे रक्ताची तपासणी करून गोळी जुळवता येईल. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं, पालेभाज्या, शहाळं, केळं यांबाबत माझे आकडे तुम्हाला लागू नाहीत; तुमच्या डॉक्टरांचे लागू आहेत. भाजी शिजवलेलं पाणी वापरा, असं मी वर म्हटलं तेही तुमच्यासाठी उलट असू शकतं. पाय एकाएकी थंड, पांढरा पडला आणि असह्य दुखू लागला, किंवा एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी टणक आणि गरम झाली, तर हे पुस्तक मिटा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. तिथे तासांचा हिशोब असतो. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका.

पुस्तक क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांच्या दातांची अडचण आहे त्यांनी मऊ पदार्थांच्या भागापासून सुरुवात करावी, एकटं राहणाऱ्यांनी एका कुकरमध्ये होणाऱ्या जेवणांपासून, आणि ज्यांचं जेवण डब्यातून येतं त्यांनी डब्यासोबत घरी काय जोडायचं या भागापासून. पहिली पाककृती करण्याच्या आधी मात्र एक काम करा. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहा, पुढच्या तपासणीला तो कागद आणि हे पुस्तक दोन्ही सोबत न्या, आणि घोट्याचा रक्तदाब मोजून द्याल का, असं तुमच्या डॉक्टरांना विचारा.